वीसपैकी वीस

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि झेंडूच्या हाराचा वास मला अजिबात सहन होत नाही. आपली गोष्ट सांगताना आधी जन्म सांगावा, मग कौतुक सांगावं, अशी रीत आहे. मीही त्याच क्रमाने सांगणार आहे. पण मनात किळस ठेवून तोंडाने गोड बोलायला मला जमत नाही. ही माझी खोड समजा आणि ऐकून घ्या.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. बीडच्या एका गल्लीतल्या दुकानात, एका लाकडी टेबलावर, स्क्रू-ड्रायव्हरने मला जोडलं. पडदा एका देशातून आला, कळफलक दुसऱ्या देशातून, आणि पत्र्याचा डबा कुठला ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. ते दिवसच तसे होते. बाहेरच्या मालाला देशाची दारं उघडली आहेत, असं जो तो म्हणत होता. आमच्या जिल्ह्यात ती दारं जरा उशिराच उघडली, पण उघडली तेव्हा सगळं एकदमच आत आलं. पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, रंगीत टीव्ही आले, पानटपऱ्यांवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकल्या, आणि त्याच गर्दीत मी आलो.

दोन हजार साली, श्रावणात, मी केज तालुक्यातल्या एका गावच्या सरकारी शाळेत पोहोचलो. गावाचं नाव सांगत नाही. मुख्याध्यापक विठ्ठलराव सर मला आणायला स्वतः बीडला आले होते. मला वाकळीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन त्यांनी आणलं. वेशीपासून शाळेपर्यंत हलगी वाजली. पायरीवर नारळ फुटला. मग सरांनी कुंकवाचं बोट घेतलं आणि माझ्या काचेच्या बरोबर मधोमध टिळा लावला. गळ्यात घालायला मला गळा नव्हता, म्हणून हार पडद्यावरून खाली सोडला. एकविसावं शतक आपल्या गावात आलं आहे, असं सरांनी भाषणात सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मीही फुगलो होतो.

मला मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवलं. लग्नातल्या सोफ्याला लावतात तसल्या लाल मखमलीचं, सोनेरी झालरीचं झाकण माझ्यासाठी शिवून घेतलं. खोलीबाहेर चपला काढायच्या, मशीनला हात लावायचा नाही, पोरांनी उंबरठा ओलांडायचा नाही, असे नियम झाले. दाराला नवं कुलूप लागलं आणि किल्ली सरांच्या जानव्याला, म्हणजे जानव्यासारखी गळ्यातल्या दोऱ्याला, लटकू लागली. पाहुणे आले की सर झाकण उचलत, पाहुणे मान हलवत, आणि झाकण परत पडे. पहिल्या चौदा महिन्यांत मला फक्त सहा वेळा चालू केलं, तेही बीडच्या दुकानातल्या माणसाने येऊन. त्यातल्या तीन वेळा तर चालू होतो की नाही एवढंच बघण्यासाठी.

खंडेनवमीला मात्र माझा मान मोठा. त्या दिवशी आमच्याकडे कोयता, कुऱ्हाड, नांगर, शिलाई मशीन, सगळ्या अवजारांची पूजा होते. ऊसतोडीला जाणारी माणसं कोयता पुजतात, पण तो वर्षभर हातात धरून मग पुजतात. मी वर्षभर पुजला जात होतो आणि हातात कुणी धरत नव्हतं. विठ्ठलराव सरांनी फुलाने हळदीचं पाणी माझ्या कळफलकावर शिंपडलं, आणि त्यात तीन कळा चिकटून बसल्या. हार कुणी काढलाच नाही. तो मखमलीच्या आत तसाच कुजत राहिला. मागच्या भोकातून पाल आत शिरली आणि तिने माझ्या पोटात दोन अंडी घातली. दिवाळीपर्यंत मी त्या सडक्या झेंडूच्या वासात बसून होतो. मला तेव्हापासून पूजेची जी शिसारी बसली ती बसलीच.

आता दोन माणसांची ओळख करून देतो. एक शहादेव सर. वयाने तरुण, बोलायला चुरचुरीत. मी बीडला संगणकाचा कोर्स केला आहे, असं ते सगळ्यांना सांगत. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक फ्लॉपी असे, बाहेरून दिसेल अशी. फ्लॉपी म्हणजे त्या काळी लिहिलेलं साठवायची एक चपटी, चौकोनी चकती. ती फ्लॉपी त्यांनी एकदाही माझ्या तोंडात घातली नाही. गुटख्याने लाल झालेलं बोट मात्र माझ्या पडद्यावर ठेवून ते इतर शिक्षकांना सांगत, हे असं असतं, हे तसं असतं. त्या बोटाचा डाग बरेच महिने राहिला.

दुसऱ्या वत्सलाबाई. चौथीच्या वर्गाच्या बाई, शाळेत सर्वांत ज्येष्ठ, निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या. त्यांचा वर्ग माझ्या भिंतीपलीकडेच भरे, म्हणून त्यांचं बोलणं मला ऐकू येई. एकदा त्यांच्या वर्गातल्या पोरांनी विचारलं की बाई, त्या लाल कपड्याखाली काय चालतं. मोठे झाल्यावर कळेल, असं कुणीही सांगून मोकळं झालं असतं. बाई म्हणाल्या, मलाही ठाऊक नाही. त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या फडावर जात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत येत. बाईंनी त्यांना शब्द दिला की तुम्ही वापस येईपर्यंत मी शिकते, मग तुम्हाला दाखवते. शब्द देताना त्यांना माझा पडदा कुठून चालू होतो हेही माहीत नव्हतं.

आणि नेमकं त्याच वर्षी, दोन हजार एकच्या दिवाळीआधी, जिल्ह्याच्या कचेरीतून कागद आले. शिक्षकांना संगणक किती येतो याची तपासणी होती. प्रत्येकाला एक फॉर्म, त्यात वीस प्रश्न. संगणक चालू-बंद करता येतो का, माउस धरता येतो का, लिहिलेलं साठवता येतं का, मराठीत एक परिच्छेद टाइप करता येतो का, फ्लॉपीवर उतरवता येतं का, असे. प्रत्येकापुढे ‘येते’ किंवा ‘येत नाही’ असं स्वतः लिहायचं. सोबतच्या पत्रात स्वच्छ म्हटलं होतं की ही परीक्षा नाही. ज्यांना जे येत नाही ते त्यांना बीडला बोलावून दहा दिवसांत शिकवायचं आहे. विठ्ठलराव सरांनी पत्र मोठ्याने वाचलं तेव्हा मला वाटलं, आता आपले दिवस पालटणार. इतका सरळ कागद मी त्या खोलीत पाहिला नव्हता.

पण मित्रांनो, त्या खोलीला कागदाची एक सवय होती. वरून काहीही विचारणा आली की उत्तर एकच जाई. पाण्याची सोय आहे का? आहे. मैदान सपाट आहे का? आहे. हजेरी भरपूर आहे का? भरपूर आहे. विचारणारा मदत करायला विचारतो आहे की पकडायला, याचा विचारच कुणी करत नसे. ‘नाही’ लिहिलं की गोपनीय अहवालात शेरा बसतो, ही भीती सगळ्यांच्या हाडात मुरली होती. शहादेव सरांनी एका फॉर्मवर वीस वेळा ‘येते’ लिहिलं. मग त्यांनीच, त्याच शाईने, आठही शिक्षकांचे फॉर्म भरले. बाकीच्यांनी चहा पिता पिता सह्या ठोकल्या. ज्या कागदाने शिकवायचं ठरवलं होतं, त्यावर आम्हाला शिकायची गरज नाही असं लिहून दिलं. मला आजही त्या शाईचा उबग येतो.

वत्सलाबाईंनी मात्र आपला फॉर्म घरी नेऊन स्वतः भरला होता. कागद खोक्यातून काढता येतात आणि यंत्रावरची धूळ पुसता येते, या अर्थाच्या दोन सोप्या प्रश्नांपुढे त्यांनी ‘येते’ लिहिलं होतं. उरलेल्या अठरांपुढे ‘येत नाही’. विठ्ठलराव सरांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला.

“बाई, आख्ख्या शाळेचं नाक कापताय का? सात जणांना येतं अन् तुमालाच कावून येत न्हाई?”

“सर, येत न्हाई म्हणून तसं लिवलं. आल्यावर येतं म्हणून लिवीन.”

सरांनी शहादेव सरांनी भरलेला फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. एक सही तर करायची आहे, असं समजावलं. बाई उठून गेल्या. पुढचे दोन दिवस डबा खाताना त्यांच्याशी कुणी बोललं नाही. तुमच्या एकटीपायी सगळ्यांची चौकशी लागेल, असं एकाने ऐकवलं. तिसऱ्या दिवशी त्या खोलीत आल्या, उभ्या उभ्याच खोट्या फॉर्मवर सही केली, आणि आपला खरा फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवला. त्या दिवशी मला त्यांचीही किळस आली. एवढ्या माणसांत एक नाक शाबूत होतं, तेही वास सोसायला तयार झालं, असं वाटलं.

खोट्याचं फळ डिसेंबरात आलं. कचेरीचं पत्र होतं. आपल्या शाळेतील आठही शिक्षकांना वीसपैकी वीस गोष्टी येतात, सबब आपणास प्रशिक्षणाची आवश्यकता नाही. इथवर वाचून सर हसले. पुढचं वाचल्यावर त्यांचा चेहरा पडला. आपल्या शाळेने आसपासच्या शाळांतील चाळीस शिक्षकांना एक दिवस संगणकाचं मार्गदर्शन करावं, असा आदेश होता. तारीखही दिली होती. सर शहादेव सरांकडे बघू लागले आणि शहादेव सर खिडकीबाहेर.

मग दोघांनी मिळून युक्ती काढली. तेव्हा आमच्याकडे रोज भारनियमन असे. अकरा ते तीन गावात लाइट नसे. कार्यक्रम नेमका अकराला ठेवायचा. स्वागत करायचं, भाषण करायचं, लाइट नसल्याने प्रात्यक्षिक दाखवता येत नाही म्हणून दिलगिरी व्यक्त करायची आणि जेवायला बसवायचं. ‘मार्गदर्शन यशस्वीरीत्या पूर्ण केले’ अशी चाळीस प्रमाणपत्रं शहादेव सरांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवली. आमच्या शाळेच्या आठही जणांची वेगळी होती. अंधाराच्या भरवशावर शिकवायला निघालेली माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

जानेवारीतल्या त्या दिवशी खोली भरून गेली. दारात ऐंशी चपला निघाल्या. तालुक्याहून विस्तार अधिकारी मन्मथअप्पा आले. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं सावकाश, आणि बोलण्याआधी घड्याळ बघायची सवय. त्यांना शाल-नारळ झालं, मला पुन्हा हार झाला. अकरा वाजले. सगळ्यांचं लक्ष वरच्या पंख्याकडे. पंखा फिरत होता. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले, पंखा फिरतच होता. झालं असं होतं की त्या दिवशी केजला कुणा मोठ्या पाहुण्यांचा दौरा होता, आणि पाहुणे असेपर्यंत तालुक्यात लाइट घालवायची नाही, असा हुकूम सुटला होता. पाहुण्यांमुळे अख्ख्या तालुक्याला दिवसा उजेड मिळाला आणि माझ्या मालकांना घाम फुटला.

विठ्ठलराव सरांनी भाषण ताणलं. उदारीकरण झालं, जागतिकीकरण झालं, जग एक खेडं झालं, मग आपल्या खेड्याने मागे का राहावं, असं सव्वा तास चाललं. लाइट काही जाईना. शेवटी मन्मथअप्पांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, आता मशीन चालू करा. शहादेव सर चहाचं बघून येतो म्हणून उठले ते आलेच नाहीत. मन्मथअप्पांनी कचेरीतून सोबत आणलेला फॉर्मचा गठ्ठा काढला, वरचा कागद बघितला आणि सेवाज्येष्ठतेने पहिलं नाव वाचलं. वत्सलाबाईंना वीसपैकी वीस. बाईंनी पुढे यावं.

बाई आल्या. त्यांनी आधी हार काढून बाजूला ठेवला, मग झाकण काढून घडी घातली. त्यांनी पडद्याचं बटण दाबलं. छोटा दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. खालच्या डब्यालाही वेगळं बटण असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मित्रांनो, मला हात असता तर मी स्वतःच ते बटण दाबलं असतं, इतकी मला त्यांची दया आली. चाळीस शिक्षक बघत होते. विठ्ठलराव सर पुटपुटले की मशीन तापायला वेळ लागतो. बाईंना नुसतं मान हलवून खाली बसता आलं असतं. सगळ्यांची सुटका झाली असती आणि शाळेचं नाव राहिलं असतं.

बाई मन्मथअप्पांकडे वळल्या.

“साहेब, मला येत न्हाई. त्या फॉर्मवर लिवलंय ते खोटं हाय. अक्षर माझं न्हाई, पण सही माझीच हाय.”

मग त्यांनी पिशवीतून आपला घडीचा फॉर्म काढून त्यांच्यासमोर ठेवला. अठरा ठिकाणी ‘येत नाही’. मन्मथअप्पांनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी मान वर करून चाळीस जणांना विचारलं की इथे खरोखर कुणाला येतं. चपला बाहेर काढलेल्या होत्या, म्हणून सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. वरपर्यंत कळवावं लागेल बाई, एवढंच अप्पा म्हणाले. त्यांनी वहीत नोंद केली आणि फॉर्म बाईंना परत दिला.

तुम्हाला वाटेल, आता सगळ्यांना लाज वाटली असेल. अजिबात नाही. पंगत बसली. भजी, भात, बुंदी सगळं संपलं. चार वाजता चाळीसही जणांनी रांगेत उभं राहून प्रमाणपत्रं घेतली. माझ्या कळफलकाला एकाचंही बोट लागलं नव्हतं आणि मार्गदर्शन यशस्वीरीत्या पूर्ण झालं होतं. आमच्या शाळेचे लोक आपापली प्रमाणपत्रं घेऊन गेले तेव्हा टेबलावर एक शिल्लक राहिलं, ते वत्सलाबाईंचं. पालीची अंडी पोटात सांभाळली त्याचं मला एवढं वाटलं नव्हतं, जेवढं ते चाळीस कागद बघून वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खोलीची किल्ली मागितली. विठ्ठलराव सरांनी गळ्यातला दोरा काढून टेबलावर टाकला आणि म्हणाले, घ्या, सांभाळा आता ते धोंडं तुमीच. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. मला ते फार सोयीचं झालं.

बाईंनी मखमल कुणाला तरी देऊन टाकली. कोरड्या फडक्याने माझं अंग पुसलं, पालीची अंडी काढली, आगकाडीला कापूस गुंडाळून हळदीने चिकटलेल्या तीन कळा मोकळ्या केल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या जीपने केजला जात. तिथे हार्डवेअरच्या दुकानावरच्या माडीवर, दुकानदाराची मुलगी रुद्राणी संगणकाचा वर्ग चालवत असे. बाईंनी तिला आपला फॉर्म दाखवला आणि सांगितलं की पोरी, मला हे अठरा येत नाहीत, ओळीने शिकव. रुद्राणी म्हणे, एका वेळी एकच शिकवीन, आणि आठवडाभर हात बसल्याशिवाय पुढचं नाही. बाई परत येऊन माझ्यासमोर बसत आणि लाइट असेल तोवर तेच तेच करत. जमलं अशी खात्री झाली की फॉर्मवरचं ‘येत नाही’ खोडून तिथे ‘येते’ लिहीत आणि पुढे तारीख घालत. लिहिलेलं साठवण्याचा सातवा प्रश्न तीन आठवडे सुटेना. दर वेळी सगळं लिहून व्हायचं आणि लाइट जायची. एकदा घाईत त्यांनी तारीख घातली, दुसऱ्या दिवशी साठवलेलं सापडलं नाही, तर त्यांनी ती तारीख स्वतःच खोडली. कुणी बघत नव्हतं. मी बघत होतो, आणि माझ्या मनातली त्यांच्याबद्दलची अढी त्या दिवशी गेली.

पाडव्यानंतर फडावरून पोरं परत आली. चौथीचा वर्ग खोलीत आला, चपला घालूनच आला. एकेकाने माझ्यावर आपापलं नाव टाइप केलं. कुणाचं बोट उसाच्या पाचटाने चिरलेलं, कुणाचं चिकट. मला त्यातल्या कशाचीच किळस आली नाही.

कचेरीचा कागद फार सावकाश चालतो. मन्मथअप्पांच्या नोंदीचं उत्तर जूनमध्ये आलं. वत्सलाबाईंच्या नावे कारणे दाखवा नोटीस होती. आपण शासनास खोटी माहिती दिल्याचं आपण स्वतःच कबूल केलं आहे, तरी आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. बाकीच्या सात जणांनी काही कबूल केलं नव्हतं, म्हणून त्यांना काहीच नाही. त्याच टपालात शाळेला संगणक साक्षरतेची ढाल मिळाल्याचं पत्र होतं. ती ढाल आणायला विठ्ठलराव सर आणि शहादेव सर दोघेही गेले. मित्रांनो, ओकारी येणं म्हणजे काय ते यंत्राला कळत नाही, असं तुम्ही समजत असाल तर समजू नका.

नजरचुकीने लिहिलं गेलं असं लिहा आणि माफी मागा, असा सल्ला सरांनी बाईंना दिला. शहादेव सर तर मसुदा करून द्यायला तयार होते. बाई माझ्यासमोर बसल्या आणि दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत टाइप करू लागल्या. सहा दिवस लागले. उत्तर असं होतं:

“माझ्या फॉर्मवरची माहिती खोटी होती आणि मी त्यावर सही केली, ही माझी चूक आहे. तेव्हा मला वीसपैकी दोनच गोष्टी येत होत्या. आज अकरा येतात. उरलेल्या नऊ सोबत लिहिल्या आहेत. त्या शिकवण्याची व्यवस्था व्हावी. हा खुलासा मी स्वतः टाइप केला आहे.”

शहादेव सरांनी मागून डोकावून वाचलं. टायपिंगच्या चार चुका आहेत, सरका, मी दुरुस्त करतो, असं ते म्हणाले.

“राहू द्या सर. चुका काढल्या तर साहेबाला वाटंल, दुसऱ्या कुणी लिवून दिलं.”

फ्लॉपीवर उतरवलेला तो खुलासा बाईंनी स्टीलच्या डब्यात घालून केजला नेला, रुद्राणीकडे छापून घेतला आणि आपल्या हाताने कचेरीत दिला. ऑगस्टमध्ये उत्तर आलं. कारवाई होणार नव्हती, फक्त समज दिली होती. त्याखाली दुसरं पत्र टाचलेलं होतं. उरलेल्या नऊ गोष्टी शिकण्याची बाईंची विनंती योग्य आहे. परंतु प्रशिक्षणासाठी तालुक्यातून किमान वीस शिक्षक लागतात, आणि फॉर्म तपासता संपूर्ण तालुक्यात प्रशिक्षणाची गरज असलेल्या एकच शिक्षिका आढळल्या. सबब प्रशिक्षण रद्द करण्यात येत आहे.

बाईंनी ते पत्र माझ्यासमोर बसून वाचलं. मग त्यांनी तालुक्यातल्या सगळ्या शाळांची यादी काढली आणि प्रत्येक शाळेला एकच पत्र टाइप करायला घेतलं. मला नऊ गोष्टी येत नाहीत, तुम्हाला किती येत नाहीत ते खरं लिहून पाठवा, अजून एकोणीस जण हवे आहेत. किती पत्रं गेली ते मला माहीत आहे, कारण ती माझ्यावरच लिहिली गेली. सत्तावन्न गेली. उत्तरं किती आली तेही मला माहीत आहे, पण ते सांगताना माझी जीभ विटते. दोन आली.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या फॉर्मवर चौदा तारखा होत्या. उरलेल्या चार प्रश्नांपुढे त्यांनी ‘येत नाही’ तसंच राहू दिलं. मी आता मोडक्या बाकांमध्ये, धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, मला पुसायला या असं मी म्हणणार नाही, माझं काम संपलं. तुमच्याकडे जी यंत्रं आहेत ती वापरून झिजवा, तीच त्यांची खरी काळजी. आणि उद्या कुणी तुमच्यापुढे असा फॉर्म ठेवला, तर येत नाही तिथे ‘येत नाही’ असंच लिहा. तुम्ही ‘येते’ असं खोटं लिहाल तेव्हा तुमचं काही बिघडणार नाही. पण तुमच्यामागे कुणीतरी खरं लिहून शिकायला थांबलेलं असेल, आणि तिला उत्तर येईल की तुम्ही एकट्याच आहात.